वरच्यांचं पाणी

मारी बिस्किटापेक्षा जराशी मोठी अशी एक पांढरी चकती सध्या बाजारात मिळते. तिच्या पोटाशी धातूचे दोन ठिपके असतात. ती सिंकखाली, वॉशिंग मशीनमागे किंवा गीझरखालच्या कोपऱ्यात ठेवायची आणि विसरून जायचं. फरशीवर पाणी आलं की ते दोन ठिपके पाण्याने जोडले जातात, चिमूटभर वीज इकडून तिकडे जाते, चकती कोकलते आणि मालकाच्या मोबाइलवर निरोप येतो की तुमच्या घरात पाणी गळतंय. विज्ञान एवढंच, आणि त्यात खोट काही नाही. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात म्हणून त्यातून वीज वाहते. बोअरच्या पाण्याने नागपुरातल्या बादल्यांवर आणि तोट्यांवर जो पांढरा थर चढतो तो पाहता आपल्याकडे या चकतीने जरा जास्तच उत्साहाने बोंबलायला हवं. जाहिरातीतला माणूस हा निरोप वाचतो, ऑफिसातून उठतो, घरी येतो, व्हॉल्व्ह बंद करतो आणि बायकोमुलांकडे पाहून हसतो. या गोष्टीत एकच पात्र राहून गेलंय. वरच्या मजल्यावरचे काका. नागपूरच्या सदर भागातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीममध्ये चार पावसाळे काढलेल्या माणसाला विचारा, वरच्या काकांशिवाय गळतीचा प्रयोग लागूच शकत नाही.

सेन्सर बनवणाऱ्यांनी असं धरून ठेवलंय की गळती चोरपावलांनी येते, घरमालकाला तिची खबर नसते आणि खबर लागली की तो धावतो. आपल्याकडे गळतीची खबर अख्ख्या बिल्डिंगला असते. खालच्या बेडरूमच्या छताला पडलेला डाग पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवतात. तो वाढतोय की नाही हे समजावं म्हणून कोणीतरी त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढलेली असते आणि शेजारी तारीख टाकलेली असते. दोनेक वर्षांनी पाहावं तर एकीबाहेर एक अशा चार रेघा, चार तारखा आणि दोन वेगवेगळी अक्षरं, कारण मधल्या काळात भाडेकरू बदललेला असतो, डाग मात्र जागेचा पक्का असतो. इतकी चोख नोंद कुठलंही ॲप ठेवत नाही. गळती सापडलेली आहे, मोजलेली आहे, तिची जन्मतारीख छतावर लिहिलेली आहे. सापडत नाही तो तिचा मालक. माझं म्हणणं एवढंच की आपल्या घरांचं नुकसान पाणी नकळत गळतं म्हणून होत नाही, सगळ्यांना कळून गळतं म्हणून होतं. या दुखण्यावर खबर देणारा आणखी एक आणून बसवला, तर खबर देणाऱ्यांच्या संख्येत एकाने भर पडेल, बाकी काही नाही.

पुरावा पाहायचा तर कुठल्याही जिन्यात उभं राहा. खालच्या काकू वर येतात. "भाऊ, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये येऊन राह्यलं." वरचे काका दार उघडून थेट बाथरूम दाखवतात. "आमचं तर कोरडं ठाक हाये. हे पाहा, हात लावून पाहा." दुपारी चार वाजता बाथरूम कोरडं असतंच, त्यामुळे काकूंना मान डोलवावी लागते. "मग पाणी येतं कुठून?" "गच्चीवरून येत असन." गच्ची तीन मजले वर असते. मधल्या तीन घरांना थेंबाने न शिवता पावसाचं पाणी नेमकं काकूंच्या पलंगावर उतरतं, तेही जानेवारीत, हा सिद्धांत काका अत्यंत गंभीरपणे मांडतात. मग प्लंबर येतो. त्याला काकूंनी बोलावलं असेल तर तो छताकडे पाहून सांगतो, "भाभीजी, ये तो ऊपरवालों का ही है." काकांनी बोलावलं असेल तर तोच माणूस, तोच पाना हातात घेऊन म्हणतो, "अंकल, आपका तो एकदम टाइट है. नीचेवालों का ही कुछ होगा." पाणी वरून खाली वाहतं हा निसर्गनियम, पण निदान मात्र पैसे देणाऱ्याकडून न देणाऱ्याकडे वाहतं. या दोघांच्या मध्ये ती पांढरी चकती ठेवा आणि सांगा, ती कोणाच्या बाजूने कोकलेल.

शिवाय ती ठेवायची कुठे? तिचा जन्म ज्या मुलखातला, तिथली घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात, आतून जिप्समच्या पाट्या आणि खाली कार्पेट. तिथल्या स्वयंपाकघरात फरशीवर पाणी येणं म्हणजे आणीबाणी. आपलं घर मुळात ओलं होण्यासाठीच बांधलेलं असतं. बाथरूममध्ये उतार, उताराच्या टोकाला नहाणी ट्रॅप, बाल्कनीत आणखी एक जाळी, आणि घरातली निम्मी कामं बादलीने. फरशी रोज पुसली जाते, दिवाळीआधी ती धुतली जाते, आणि धुतली म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात पाणी सोडून खराट्याने लोटली जाते. त्यामुळे सिंकखालच्या सेन्सरची पहिली किंचाळी सकाळी दहाला, कामाच्या मावशींच्या पोच्याने निघते. "वैनी, हे काय कोकलून राह्यलं?" वहिनी फोनवर असतात. मावशी ती चकती उचलतात, पदराने पुसतात आणि पोरांच्या हाताला लागू नये म्हणून फ्रिजवर ठेवतात. तिथून पुढे फ्रिजच्या माथ्याला पाण्यापासून पूर्ण संरक्षण मिळतं.

नागपूरकराच्या घरात तर वर्षातले तीन महिने पाणी ठरवून गळतं. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात माणूस कूलरशिवाय राहू शकत नाही आणि कूलर गळल्याशिवाय राहू शकत नाही. मार्चअखेर माळ्यावरून तो पत्र्याचा पेटारा खाली निघतो, टाकीला आतून डांबर लागतं, नव्या खसच्या ताट्या बसतात, आणि पहिल्याच दिवशी लक्षात येतं की गेल्या वर्षीचं भोक सोडून बाकी सगळीकडे डांबर लागलंय. त्यावर एम-सील. एम-सीलच्या शेजारून पुन्हा थेंब. मग खाली तसराळं. नळी लावून कूलर भरत ठेवायचा आणि मालिका पाहत बसायचं ही उन्हाळ्यातली नित्याची बाब. टाकी भरून पाणी खिडकीच्या लोखंडी स्टँडवरून खालच्या गल्लीत पडायला लागतं आणि खालून जाणारा इसम वर पाहून दोन शब्द बोलतो, तेव्हा कूलर भरला असं समजायचं. या घरात सेन्सर लावला तर गुढीपाडव्याला सुरू झालेला त्याचा आवाज मृग लागेपर्यंत थांबायचा नाही. कोणी म्हणेल, कूलरपासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? मे महिन्यात अख्खं कुटुंब कूलरच्या तीन हातांत राहायला आलेलं असतं.

हे झालं दिसणाऱ्या पाण्याचं. खरं नुकसान न दिसणारं पाणी करतं, आणि तिथे ही चकती अगदीच भोळी ठरते. तिला तळं दिसतं, ओल दिसत नाही. आपल्या बाथरूममधलं पाणी दोन फरशांमधल्या उडालेल्या सांध्यातून, नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवतीच्या फटीतून किंवा भिंतीत पुरलेल्या पाइपाच्या एखाद्या जोडातून खाली उतरतं. पृष्ठभागावर ते थांबतच नाही. कोब्यात मुरतं, स्लॅबमध्ये वाट शोधतं, आतली सळई गंजवतं, आणि दोन महिन्यांनी खालच्यांच्या छताचे पोपडे होऊन प्रकट होतं. तेही बरेचदा गळक्या जागेच्या बरोबर खाली नव्हे, चार फूट सरकून, म्हणजे वाद घालायला जागा राहावी. या सगळ्या काळात वरच्या बाथरूममधला सेन्सर ठणठणीत कोरडा असतो आणि मोबाइलवर हिरवी खूण दाखवत असतो. काकांना आजवर फक्त स्वतःची साक्ष होती. आता त्यांच्याकडे मशीनचीही साक्ष आहे. "हे पाहा, ॲपमध्ये काहीच नाही दाखवून राह्यलं."

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपले लोक आळशी नाहीत, त्यांना वेळेवर इशारा मिळत नाही. मिळाला तर ते उठतील. हा प्रयोग आपल्याकडे करून झालाय. गच्चीवरच्या टाकीसाठी बोलणारा अलार्म मिळतो. टाकी काठोकाठ भरली की तो एका सुसंस्कृत बाईच्या आवाजात हिंदीतून सांगतो की पाणी भरलेलं आहे, कृपया मोटर बंद करा. एवढ्या अदबीने आपल्या घरात दुसरं कोणीही बोलत नाही. तर ती बाई विनवते आणि घरात पुढचा संवाद होतो. "टाकी भरली वाटतं." "हो ना, केव्हाची सांगून राह्यली ती." "मग बंद कर ना." "तुम्ही जवळ आहात स्विचच्या." बाईची पुन्हा विनवणी. गच्चीच्या पन्हाळीतून धार लागलेली. आजोबा आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज वाढवतात, कारण त्या बाईमुळे बातम्या ऐकू येत नाहीत. अलार्मने कळवण्यात कसूर केली असं कोणीही म्हणू शकणार नाही. फक्त इशारा सगळ्यांना मिळाला की तो प्रत्येकाला दुसऱ्यासाठी वाटतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर. तोही लोक हौसेने बसवतात, आठवडाभर गच्चीवर जाऊन तो बरोबर चालतो की नाही पाहतात, एकदा वीज जाऊन आल्यावर शंका घेतात आणि बटण 'मॅन्युअल'वर करून ठेवतात. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: "त्याच्या भरवशावर थोडीच राहता येतं!"

खरं तर सगळ्यात भरवशाचा सेन्सर समोरच्या गॅलरीत बसलेला असतो. गल्लीपलीकडच्या काकू. टाकी ओसंडली की पाचव्या मिनिटाला त्यांची हाक येते. त्यांना सेल लागत नाही, वायफाय लागत नाही, मजबूत काँक्रीटच्या भिंतींपुढे घरातला वायफाय हात टेकतो तिथे त्यांचा आवाज सहज पोचतो. त्या नुसता इशारा देऊन थांबत नाहीत, इतिहासही जोडतात: "काल बी असंच चालू होतं." दुर्लक्ष केलं तर त्या तक्रार एक पायरी वर नेतात, म्हणजे सासूबाईंना फोन करतात. कंपन्या ज्याला स्मार्ट म्हणतात ते सगळे गुण या यंत्रणेत आहेत. तरीही पाणी ओसंडतं, कारण हाक ऐकणारे घरात सहा आणि उठणारा एकही नाही. मोबाइलच्या निरोपाची मग काय कथा? तो तर सकाळच्या सूर्यफुलांच्या फोटोखाली आणि कुटुंबाच्या ग्रुपवरच्या सुविचारांखाली गाडला जातो.

बरं, माणसाला वगळू या, असं यंत्रवाले म्हणतात. सेन्सरने पाणी पाहिलं की मोटर लावलेला व्हॉल्व्ह स्वतःच फिरेल आणि पाणी बंद होईल. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर गच्चीवर आहे. चकतीच्या मुलखातल्या घरात रस्त्यातून एक पाइप येतो, त्यातल्या दाबावर सारं घर चालतं; तो एक अडवला की घर बंद. आपल्याकडे रस्त्यातून आलेलं पाणी हौदात, हौदातून मोटरने गच्चीवर, आणि गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली. मीटरजवळचा व्हॉल्व्ह मोठ्या रुबाबात बंद झाला तरी वरचे हजार लिटर घरात यायला मोकळेच. मग व्हॉल्व्ह टाकीखाली लावा. पण टाकीतून एक लाइन थोडीच उतरते? स्वयंपाकघराची वेगळी, बाथरूमची वेगळी, मागून जोडलेल्या फ्लशची तिसरी, आणि एक अशी असते की ती कोणाची हे बिल्डर सोडून कोणालाच ठाऊक नसतं. गच्चीवर टाक्यांच्या गर्दीत कॉकची रांग असते. निम्म्यांच्या मुठी तुटलेल्या, कुठल्याही कॉकवर कोणाचं नाव नाही. प्लंबर तिथे ओणवा होऊन एकेक कॉक पान्याने पिळतो आणि खाली ओरडतो, "बंद हुआ क्या?" खालून उत्तर येतं, "आमचं चालू आहे!" आणि शेजारच्या खिडकीतून, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, "अरे कोणी बंद केलं रे?" तुमच्या गळतीवर शेजाऱ्याचं पाणी बंद करणारी यंत्रणा अशी हातानेच इतकी छान चालते, की तिला मोटर लावायची गरज नाही.

नळाचं म्हणाल तर नागपूर हे चोवीस तास पाण्याचं स्वप्न पाहणारं शहर. मार्च २०१२ मध्ये संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे गेला. पेंच नदीचं पाणी गोरेवाड्यात शुद्ध होऊन येतं ते दिवसभर यावं, दाबाने यावं, मीटरने मोजलं जावं, अशी ती योजना. पाणी सतत आलं तर हौद नको, मोटर नको, टाकी नको, आणि मग ती एक-पाइप-एक-व्हॉल्व्हवाली हुशारी इथेही चालली असती. पण आपल्या गावात पाणी साठवण्याची सवय मीटरपेक्षा जुनी आहे. चोवीस तास पाणी असलेल्या घरातही हंडा भरलेला असतो, दोन पिंप भरलेली असतात आणि बाथरूममधली बादली तोटीखाली मांडलेली असते. घरात सगळ्यात मोठा पूर येतो तो याच बादलीपाशी. दुपारी नळ गेले म्हणून तोटी उघडी राहते, मंडळी लग्नाला जातात आणि नळ रात्री येतात. बादली भरते, न्हाणीघराची जाळी परवाच्या पिशवीच्या तुकड्याने तुंबलेली असते आणि पाणी हॉल ओलांडून जिना उतरायला लागतं. इथे सेन्सर कामाचा आहे, हे मी मान्य करतो. फोन वाजेल. तो लग्नाच्या बँडमध्ये ऐकू यायला हवा, एवढीच अट.

बंद घरांसाठी तो खराच उपयोगाचा, असंही म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. सदर, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, कुठेही पाहा, वर्षातले आठ महिने कुलूपबंद असलेले फ्लॅट सापडतील. मुलं पुण्या-बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला आणि आई-वडील त्यांच्याकडे. सिंकखालचा प्लॅस्टिकचा कनेक्शन पाइप पाचेक वर्षांत कडक होऊन कधीतरी तडकतोच. इथे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलाचा फोन वाजतो, तो घाबरून किल्ली ठेवलेल्या शेजाऱ्यांना फोन लावतो. "काका, आमच्या किचनमध्ये पाणी आलंय." "तू आला काय नागपूरले?" "नाही काका, इथूनच दिसतंय मला." "तिथून? मग इथून आम्हाले काहून नाही दिसून राह्यलं?" पुढची पाच मिनिटं सेन्सर म्हणजे काय हे समजावण्यात जातात, त्यानंतरची पाच पगार किती आणि तिकडे थंडी किती यात, आणि शेवटी काका सांगतात की ते शेगावला दर्शनाच्या रांगेत उभे आहेत, परवा येतील, चिंता करू नको, गजानन महाराज पाहून घेतील. यंत्राने आठ हजार मैलांवर बातमी पोचवली. जिन्यातल्या सोळा पायऱ्या चढायला माणूसच लागतो, आणि तो शेगावला आहे. पण अशा घरात निदान खबर देणारा दुसरा कोणी नाही, म्हणून तिथे चकती लावावी. मात्र किल्ली दोन घरी ठेवावी.

ज्यांना आपलं पाणी खरंच गळतं का हे जाणून घ्यायचंय, त्यांच्यासाठी तर एक सेन्सर दारातच बसवून दिलेला आहे. पाण्याचा मीटर. रात्री सगळ्या तोट्या बंद, हौद-टाकी भरून बॉलकॉक बसलेला. तरी मीटरमधली छोटी चकरी फिरत असेल, तर मीटर आणि हौदाच्या मधे कुठेतरी गळतंय. टाकीच्या पुढचं पाहायचं तर रात्री टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा आणि सकाळी पाहा. फ्लशचा संशय असेल तर त्याच्या टाकीत कपड्याची नीळ टाका, वीसेक मिनिटं कोणाला वापरू देऊ नका. भांड्यात निळं उतरलं तर आतलं रबर गेलं. खर्च नीळ आणि खडूचा. आणि सेकंदाला एक थेंब म्हणून हसू नये. थेंब पाव मिलीलिटरचा धरला तरी दिवसाला साडेएकवीस लिटरच्या वर जातं, वर्षाला पावणेआठ हजारांच्या पुढे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी निकष आहे. त्या हिशेबाने एका तोटीचे थेंब एका माणसाचं जवळपास दोन महिन्यांचं पाणी पिऊन टाकतात. हे सगळं करायला कोणी बंदी केलेली नाही. तरी ते कोणी करत नाही, कारण नीळ टाकून निळं उतरलं तर गळती सिद्ध होते, आणि सिद्ध झालेली गळती दुरुस्त करावी लागते. संशयावर मात्र माणूस वर्षानुवर्षं आरामात राहू शकतो.

कायदाही याच स्वभावाला हातभार लावतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाची, घरातल्या नळ-सिंक-संडासाची गळती ज्याची त्याची. वाटणी स्वच्छ आहे. तिचा परिणाम असा, की महाराष्ट्रातली प्रत्येक गळती पावसाची असते. एप्रिलमधलीसुद्धा. नागपुरात त्यातही बऱ्याच स्कीम सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात, त्यामुळे सभेचा पहिला तास उपविधी आपल्याला लागू आहेत का यावर जातो आणि दुसरा चहा कोणी सांगितला यावर.

तरीही एका गोष्टीसाठी ही चकती मला आवडते, आणि त्याच गोष्टीसाठी ती कोणी लावणार नाही. ती वेळ नोंदवते. घराच्या विम्याचंच पाहा. १ एप्रिल २०२१ पासून मिळू लागलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं याला संरक्षण आहे. त्याच यादीत क्षेपणास्त्र चाचणीने होणारं नुकसानही आहे. म्हणजे सदरवर क्षेपणास्त्र पडलं तर सोय आहे, वरच्यांचं बाथरूम झिरपलं तर यादीत नाव नाही. पण पाइप खरंच फुटला तर सेन्सर मिनिटासकट सांगेल की पाणी कधी सुरू झालं. खालच्या काकूंच्या हातात यासारखं शस्त्र नाही. फक्त तीच नोंद हेही सांगते, की निरोप १०:१२ला पोचला, १०:१३ला वाचला गेला, तीनदा आवाज बंद केला गेला आणि पाणी थांबलं संध्याकाळी सव्वापाचला. मधल्या वेळात काका घरीच होते हे त्यांच्या फोनलाच ठाऊक आहे. असा साक्षीदार स्वतःच्या पैशाने विकत आणून स्वतःच्या सिंकखाली बसवण्याइतके काका भोळे नाहीत. त्यांचं म्हणणं, सेन्सर खालच्यांनी लावावा, त्यांच्या छताला, त्रास त्यांना आहे. काकूंचं म्हणणं, पाणी जिथून निघतं तिथे लावा, आणि खर्च वरच्यांनी करा. सचिव सुचवतात की मग तो स्लॅबच्या बरोबर मधे बसवू. त्यावर पुढच्या सभेत चर्चा आहे. स्लॅबचा वरचा अर्धा भाग कोणाचा, हा विषयपत्रिकेतला पहिला मुद्दा, आणि सेन्सरचे सेल कोणी बदलायचे, हा दुसरा.